घरातला मारधाडीचा टीव्ही कसा आवरायचा: एका जुन्या केबलवाल्याच्या वहीतून

मी बावीस वर्षं सोलापुरात केबल चालवली. अशोक चौकाच्या पलीकडे, पूर्व भागात, साडेतीनशे-पावणेचारशे कनेक्शनं. गच्चीवरून गच्चीवर वायर टाकायची, सात तारखेपासून पावतीपुस्तक काखेत मारून वसुलीला हिंडायचं, पहिल्या पावसात कनेक्टरमध्ये पाणी गेलं की चार गल्ल्यांच्या शिव्या खायच्या. खालच्या खोलीत कंट्रोल रूम होती. सेटटॉप बॉक्स येण्याआधी रात्री साडेनऊला आम्ही आमच्याच चॅनलवर पिक्चर लावायचो, आधी व्हीसीआरवर, मग सीडीवर. फोनवर फर्माईश यायची, "फायटिंगचा लाव की बे." रडका लावला की दुसऱ्या दिवशी वसुलीला लोक दार अर्धंच उघडायचे. घरोघर मारधाड पोचवायचं काम मी स्वतःच्या हातानं आणि चार पैसे मिळवत केलेलं आहे. तेव्हा पुढचं देव्हाऱ्यात बसून लिहीत नाही, एवढं आधीच सांगून टाकतो.

धंदा विकून आता बरीच वर्षं झाली. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात, सून नोकरीला, आणि दिवसभर दोन नातवंडं आमच्या दोघांच्या हवाली. नातू सहाचा, नात तीनची.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर त्रेचाळीस डिग्री, डांबर चपलेला चिकटतंय, शाळा बंद. दुपारी दोन ते पाच पोरं घरातच. आमच्या हिला त्या वेळेला गुन्ह्यांच्या मालिका बघायची सवय. मांडीवर सूप, सुपात चटणीसाठी सोलायच्या शेंगा, समोर टीव्ही. नातू जमिनीवर टीव्हीकडे पाठ करून बसायचा. मुलानं कारखान्यातून आणून दिलेल्या सुताच्या रिकाम्या कांड्या एकामागे एक लावून त्याची रेल्वे चालायची. मला वाटायचं, त्याचं लक्षच नाही. हिलाही तसंच वाटायचं.

जूनमध्ये एका रात्री तो अंथरुणातून उठला, दारापाशी गेला आणि कडी हलवून बघितली. परत आला. पाच मिनिटांनी पुन्हा गेला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा मी विचारलं, "काय रे?" म्हणाला, "काही नाही, बघतोय." असं तीन-चार रात्री चाललं. मग एकदा दिवा मालवल्यावर हळूच म्हणतो, "आजोबा, सिलिंडरवाला मामा येतो तेव्हा आजी एकटीच असते ना?"

"असते. का रे?"

"तो पाणी मागतो."

त्या माणसाला मी पंधरा वर्षं ओळखतो. सोलापूरच्या उन्हात खांद्यावर सिलिंडर घेऊन जिने चढतो, पाणी मागणारच. पण मालिकेत दारात पाणी मागणारा माणूस पुढच्या मिनिटाला काय करतो, हे पोरगं पाठीनं शिकलं होतं.

त्या रात्रीपासून मी वही घातली. वसुलीची जुनी वही होती, तिचीच मागची पानं. त्यातलं जे घरात चाललं ते खाली लिहितोय.

नेमकं काय बिघडतं

लोक विचारतात, मारामारी बघून पोरगं गुंड होतं का? बहुतेक पोरं होत नाहीत. माझ्या चॅनलवरच्या फायटिंगवर वाढलेली पोरं आज कुणी शिक्षक आहेत, कुणी चादरीचं दुकान चालवतात. पण गुंड झाला नाही म्हणजे काहीच झालं नाही, असंही नाही. तीन गोष्टी होतात: नक्कल, भीती आणि बधिरपणा.

नकलेचा सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत झाला. आल्बर्ट बँड्युरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. ढकलली की पुन्हा उभी राहते तसली फुगवलेली मोठी बाहुली घेतली, आणि एक मोठं माणूस तिला हातोडीनं मारतंय, लाथा घालतंय, हे पोरांना दाखवलं. हे १९६१ साली. नंतर पोरांना तसल्याच बाहुलीबरोबर सोडलं, तर त्यांनी हुबेहूब तसंच केलं, शब्दसुद्धा तेच. १९६३ मध्ये हाच प्रकार समोर न दाखवता फिल्मवर दाखवला, तरी फरक पडला नाही. काही जण म्हणतात, बाहुली मारायसाठीच असते, त्यात काय एवढं. त्यांचं अगदीच चूक नाही. पण १९६५ चा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फिल्ममध्ये मारणाऱ्याला शिक्षा झालेली बघितली की पोरं नक्कल कमी करायची. मग त्यांना सांगितलं, "त्यानं काय काय केलं ते करून दाखव, बक्षीस देतो." तेव्हा त्यांनाही सगळं येत होतं. म्हणजे शिकून झालेलंच होतं, फक्त बाहेर काढलेलं नव्हतं. "आमचा बघतो, पण करत नाही हो," असं म्हणणाऱ्या प्रत्येक आईला मी हे सांगतो.

न्यूयॉर्क राज्यात १९६० साली तिसरीच्या पोरांची पाहणी सुरू झाली आणि ती पुढं कित्येक वर्षं चालली. आठव्या वर्षी ज्या मुलग्यांना मारधाडीचे कार्यक्रम जास्त आवडायचे, ते एकोणिसाव्या वर्षी जास्त आक्रमक निघाले. यावर तज्ज्ञांमध्ये आजही भांडणं आहेत, आणि परिणाम आहे असं म्हणणारेही तो छोटाच आहे असं सांगतात. घरात बापाचा हात उठत असेल, दारू असेल, तर टीव्हीच्या नावानं खडे फोडण्यात अर्थ नाही. चादरीत हजारो धागे असतात, त्यातला हा एक. पण हा धागा आपल्या हातात आहे, रिमोट आपल्याकडे आहे, म्हणून त्यावर बोलायचं.

भीतीचं काम जॉर्ज गर्बनर यांनी केलं. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून ते आणि त्यांचे सहकारी टीव्हीवरची हिंसा मोजत राहिले. त्यांचं म्हणणं असं की टीव्ही खूप बघणाऱ्याला जग आहे त्यापेक्षा दुष्ट वाटायला लागतं. आपल्यावर हल्ला होईल, कुणावर भरवसा ठेवू नये, असं वाटतं. माझ्या नातवाची कडी ती हीच. आणि ही भीती पोरांपेक्षा म्हाताऱ्यांना जास्त धरते, असं मी वसुलीच्या दारात बघितलंय. पूर्वी "ये रे, चहा घेऊन जा" म्हणणाऱ्या आज्या पुढं पुढं साखळी लावून फटीतून पैसे द्यायला लागल्या. बावीस वर्षांत त्यांच्या गल्लीत एक घरफोडी झाली नव्हती.

बधिरपणाबद्दल एकच सांगतो. १९७४ साली अमेरिकेत तिसरी-चौथीच्या पोरांना "पलीकडच्या खोलीतल्या लहानग्यांकडे जरा लक्ष ठेव, काही झालं तर मला बोलाव" असं सांगून छोट्या पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर लहानग्यांची भांडणं वाढत मारामारीवर गेली. आधी मारधाडीची फिल्म बघितलेल्या पोरांनी मोठ्यांना बोलवायला जास्त वेळ लावला.

अफजलखानाचं काय, मग?

हा प्रश्न आमच्या हिनं विचारला, आणि बिनतोड विचारला. "तुम्हाला लहानपणी कोथळा काढल्याची गोष्ट सांगितली नाही का? तुम्ही कुणाचा काढला?"

खरंय. अफजलखानाचा कोथळा आपण सगळ्यांनीच ऐकला. दिवाळीत किल्ले केले, चिखलातले मावळे उभे केले, लढाया केल्या. गड्ड्याच्या जत्रेत दर जानेवारीला होम मैदानावरून टिकल्यांची बंदूक आणली आणि घरभर सगळ्यांना मारून टाकलं. त्यात काही बिघडलं नाही. नातवालाही मी बंदूक घेऊन दिली. खेळातली मारामारी आणि टीव्हीवरची मारामारी एका मापानं मोजू नये. खेळात समोरचा "आई गं" म्हटला की हात थांबतो.

गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकली. चित्र ज्याचं त्यानं डोक्यात काढलं, आणि सोसवेल तेवढंच मोठं काढलं. मध्ये थांबवून विचारता येत होतं, "मग खानाच्या माणसांचं काय झालं?" टीव्हीवर चित्र तयार येतं, त्यामागं ढोल वाजतो, आणि प्रश्न विचारायच्या आत जाहिरात लागते. हिला हे पटलं असं ती म्हणाली नाही. पण शेंगा सोलायच्या थांबली, तेवढ्यावर मी समजलो.

आधी आठवडाभर फक्त वही

कुणालाही काही बंद करायला सांगू नका. आठवडाभर नुसतं लिहा: किती वाजता, काय लागलं होतं, कोण बघत होतं, आणि कोण बघत नसूनही खोलीत होतं. हा चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या वहीत त्या रकान्यात नातवाचं नाव सात दिवसांत अकरा वेळा आलं.

एखाद्या संध्याकाळी तासभर बसून रेघा मारा. थप्पड, गोळी, चाकू, गळा, किंकाळी, प्रत्येकाला एक रेघ. मग आणखी दोन गोष्टी बघा: मार खाल्लेल्याला नंतर दुखताना दाखवलं का, आणि मारणाऱ्याला त्याच प्रसंगात काही भोगावं लागलं का. अमेरिकेत १९९० च्या दशकात हजारो तासांचे कार्यक्रम तपासून अशीच मोजणी झाली होती. तिच्या पहिल्या अहवालात ७३ टक्के हिंसक प्रसंगांत मारणारा त्या प्रसंगात तरी शिक्षेविना सुटलेला दिसला. माझ्या वहीत रेघा पुष्कळ झाल्या. दुखताना दाखवलेल्यांसाठी केलेल्या रकान्यात मात्र दोनच, आणि त्यातला एक हिरो होता.

ही मोजणी एकट्यानं करू नका, घरातल्या मालिकाप्रेमी माणसाला हातात पेन द्या. उपदेशापेक्षा पेन जास्त काम करतं.

घरातल्या मोठ्यांशी बोलणं

पोरांना आवरणं सोपं. अवघड काम मोठ्यांचं. मी शहाणपणानं सांगायला गेलो तर ही म्हणाली, "चाळीस वर्षं तुमचं घर सांभाळलं, दुपारचे दोन तास माझे. तेही घ्या आता." तिचं बरोबर होतं. सून परत येईपर्यंत दोन पोरं, स्वयंपाक आणि चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी भरणं, सगळं तिच्यावर. तिचा टीव्ही काढून घेणं म्हणजे तिचा विसावा काढून घेणं.

म्हणून वेळ हलवली, मालिका तीच ठेवली. आता ती रात्री दहानंतर, पोरं झोपल्यावर बघते. मुलानं बिनतारेचा हेडफोन आणून दिला. पहिले दोन दिवस "कानात किडा गेल्यासारखं वाटतंय" म्हणत होती. आता आम्ही हाक मारली तरी ऐकू येत नाही, हा फायदाच आहे म्हणते. दुपारी शेंगा सोलताना रेडिओ किंवा भजनं.

पोरांना सांगताना दोष आजीवर टाकू नका. "आजी बघते म्हणून तू घाबरतोस" असं पोराच्या कानावर गेलं, तर त्याच्या भीतीत अपराधीपणाची भर पडते.

एका खोलीचं घर असेल तर

पेपरात छापून येतं, "टीव्ही मुलांच्या खोलीत ठेवू नका." आमच्या भागात कित्येक घरांना खोलीच एक. तिथंच चूल, तिथंच विड्या वळणं, तिथंच अभ्यास, आणि बाहेर लूमचा खडखडाट, त्यामुळं टीव्हीचा आवाज फुल्ल. त्या घरांसाठी मला सुचलेलं सांगतो.

टीव्हीवर कापड टाका. सोलापूरकराला चादर कुठून आणायची हे सांगायला नको. पूर्वी टीव्हीला लाकडी शटरचं कपाट असायचं, ते उघडायला उठावं लागायचं. उठावं लागतं तिथंच निम्मे कार्यक्रम गळतात. चादर काढल्याशिवाय टीव्ही लावायचा नाही, आणि कार्यक्रम संपला की चादर परत टाकायची. आठवड्यात सवय होते. उगाच चालू राहणारा टीव्ही सगळ्यात वाईट, कारण तो कुणीच निवडलेला नसतो.

रिमोट वरच्या फळीवर. आवाज पोराच्या कानाला बेताचा, कारण किंकाळी आणि पार्श्वसंगीत चित्राआधी पोचतं. आणि जेवताना टीव्ही बंद, यात सूट नाही. ताटावर बसलेलं पोर उठून जाऊ शकत नाही.

वेळेचं मोजमाप हवं असेल, तर आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स, सांगते: दोन वर्षांखालच्यांना पडदा नको, दोन ते पाच वर्षांना जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांना दोन तासांपेक्षा कमी. यात मोबाईलही धरायचा.

लॉक

हे माझं खातं, त्यामुळं जरा लांबण लागेल.

सोलापुरात २०१३ मध्ये सेटटॉप बॉक्स सक्तीचे झाले. तेव्हा लोकांनी मला खूप शिव्या दिल्या, पण एक चांगली गोष्ट त्या डब्यात आली, ती म्हणजे चॅनलचं कुलूप. रिमोटवर मेनू दाबा, सेटिंग किंवा सेटअपमध्ये जा, तिथं पॅरेंटल कंट्रोल, पॅरेंटल लॉक किंवा चॅनल लॉक असं काहीतरी दिसेल. डब्याप्रमाणं नाव बदलतं. पिन मागेल. कारखान्यातून आलेला पिन बहुतेक वेळा ०००० किंवा १२३४ असतो. तो आधी बदला. पावणेचारशे घरांत मी डबे बसवले, पिन बदलून घेतलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पिन विसरलात तर घाबरू नका, केबलवाला किंवा कंपनीचा माणूस तो पूर्ववत करून देतो.

काय लॉक करायचं? पोरांच्या वेळेत गुन्ह्यांच्या मालिका लावणारी चॅनलं, डब केलेल्या मारधाडीच्या पिक्चरची चॅनलं, आणि बातम्यांची. कार्टूनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. डोक्यात हातोडा बसला आणि पुढच्या क्षणाला गडी पळायला लागला, हे बाहुलीच्या प्रयोगातलंच पाठांतर आहे.

स्मार्ट टीव्ही असेल तर डब्याचं कुलूप तिथं चालत नाही. पोरगं रिमोटवर सोर्स बदलतं आणि थेट ॲपमध्ये जातं. २०२१ च्या सरकारी नियमांप्रमाणं मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या ॲपना वयाचा शिक्का दाखवावा लागतो: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. १३+ पासून पुढं लॉकची सोय द्यावी लागते. म्हणून प्रत्येक ॲपमध्ये पोरांचं वेगळं प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. पोरांचं केलं आणि मोठ्यांचं उघडं ठेवलं, तर पुढचं दार लावून मागचं उघडं टाकल्यासारखं आहे. यूट्यूबवर एकामागून एक आपोआप लागणं बंद करा. तिसरा-चौथा व्हिडिओ कुठं नेतो हे आपल्याला कळत नाही.

आता फजिती. बावीस वर्षांचा केबलवाला मी, मोठ्या तोऱ्यात पिन घातला. चौथ्या दिवशी नातवानं उघडला. आकडे त्याला कळले नव्हते. मी दाबताना अंगठा कसा फिरतो, वर, खाली, खाली, बाजूला, ती चाल त्यानं पाठ केली होती. तेव्हा पिन घालताना रिमोटवर दुसरा हात धरा, एटीएमवर धरतो तसा. आणि लॉकवर विसंबू नका. लॉक म्हणजे आपल्याला शेजारी बसायला मिळालेला वेळ.

शेजारी कसं बसायचं

सगळं बंद करता येत नाही आणि करूही नये. पोरगं शेजारच्या घरी बघेल, मामाकडे बघेल. म्हणून कधी कधी मुद्दाम बरोबर बसून बघा, पण गप्प बसू नका. मोठं माणूस गप्प बसून बघतं म्हणजे त्याला हे चालतं, असं पोरगं धरून चालतं.

बोलायचं थोडं. नियम सांगू नका, प्रश्न विचारा, आणि मार खाणाऱ्याबद्दल विचारा. २००० साली दोन संशोधक बायकांनी पोरांना मारधाडीचं कार्टून दाखवताना एवढंच सांगितलं होतं: ज्याला मार बसतोय त्याला काय वाटत असेल, याकडे लक्ष ठेवा. तेवढ्यानं मुलग्यांवरचा कार्टूनचा वाईट परिणाम कमी झाला. मी आमच्याकडं विचारतो, "आता ह्याला दवाखान्यात कोण नेणार?" नातू पहिल्यांदा हसला. दुसऱ्या वेळी म्हणाला, "त्याची आई." तिसऱ्या वेळी मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "ह्याच्या घरी सांगितलं का?"

"ते खोटं असतं, रंग असतो" हे वाक्य आठ-नऊ वर्षांच्या पुढं उपयोगी. त्याला कॅमेरा कुठं असेल, पडायला गादी कुठं असेल, हे शोधायला लावा, मजा येते. पाच-सहा वर्षांच्या पोराला ते सांगून भागत नाही. त्याला खोटं कळतं, पण भीती जात नाही. त्याला जवळ घ्या, पाणी द्या, पाठीवर हात फिरवा, दिवा लावा. आमच्या नातवाला मी आधी समजावत बसलो, "अरे ती ॲक्टिंग असते." तो मान हलवायचा आणि उठून कडी बघायला जायचा.

शेवटी हिनंच उपाय काढला. सिलिंडर आला तेव्हा नातवाच्या हातात तांब्या दिला. "जा, मामाला पाणी दे." पोरगं दारात गेलं, दोन्ही हातांनी तांब्या धरून. त्या माणसानं गटागटा पाणी प्यायलं, मिशी पुसली आणि विचारलं, "कितवीत हाईस रे?" "पहिलीत." "माझा दुसरीत हाय." एवढंच. मालिकेतल्या माणसाला घर नव्हतं, ह्याला दुसरीतला मुलगा निघाला. मी इतकी पुस्तकं-मासिकं चाळली, पण असला उपाय कुठं वाचला नव्हता.

भीती, वाईट स्वप्नं, अंथरूण ओलं करणं किंवा भावंडाला मारणं महिनाभर टिकलं, तर मात्र घरगुती उपाय पुरे, बालरोगतज्ज्ञाकडे न्या.

बातम्या

बातम्या बघणं म्हणजे शहाणपण, असं आपल्याकडं समजतात, म्हणून त्या सगळ्या घरात मोकाट सुटलेल्या असतात. एका चौकातला सीसीटीव्हीचा बारा सेकंदांचा तुकडा, लाल गोल काढून, दिवसभर फिरत राहतो. मोठ्यांना कळतं की हल्ला एकदाच झाला. लहान पोराला वाटतं, प्रत्येक वेळी नवा माणूस मरतोय.

मोठेही त्यातून सुटत नाहीत. २०१३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. नंतरच्या पाहणीत असं दिसलं की स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या बघणाऱ्यांनी, प्रत्यक्ष त्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त ताण सांगितला.

आमच्याकडं आता बातम्यांचं एकच बुलेटिन, अर्ध्या तासाचं, पोरं खाली खेळायला गेल्यावर. बाकी सकाळचा पेपर. पेपर एकदा वाचला की संपतो. मोठी घटना घडली आणि पोराच्या कानावर गेलीच, तर त्याला काय ऐकलंय ते आधी विचारा, मग तेवढ्याचंच उत्तर द्या.

रिकाम्या वेळेचं काय

टीव्ही बंद केला की पाच मिनिटांत "आता मी काय करू" सुरू होतं. उन्हाळ्यात दुपारी बाहेर काढता येत नाही, हे सोलापूरचं दुखणं आहे. पत्ते, कांड्यांची रेल्वे, ओल्या फडक्यानं फरशी पुसायला लावणं (पोरांना हे भारी आवडतं). संध्याकाळी ऊन उतरलं की कंबर तलाव किंवा गच्ची. लाईट गेली की आमच्या गल्लीत अजूनही दहा मिनिटांत तीस पोरं जमतात. माझ्या धंद्याच्या काळात लाईट गेली की मी कपाळाला हात लावायचो.

तक्रार करायची असेल तर

केबलवाल्याला फोन करून झापू नका. मी खूप खाल्लंय, काही उपयोग होत नाही. तो चॅनल बनवत नाही, फक्त पोचवतो. तारीख, वेळ, चॅनल, कार्यक्रम आणि नेमकं काय दाखवलं, हे चार ओळींत लिहा आणि आधी चॅनलच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवा. पत्ता किंवा ईमेल चॅनलच्या वेबसाईटवर असतो. केबल टीव्हीच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणं चॅनलला चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. समाधान झालं नाही तर पुढं चॅनलवाल्यांच्या स्वनियमन संस्थेकडं जाता येतं. मनोरंजनाच्या चॅनलसाठी २०११ पासून ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल आहे. मोठ्यांसाठीचं चित्रण रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेतच दाखवायचं, असं त्यांच्या संहितेत ठरलेलं आहे. दुपारी चारला तसलं काही दिसलं, तर तक्रारीत हा मुद्दा नक्की घाला. मी एकदा पाठवली होती. उत्तर आलं, मोघम होतं, पण त्या मालिकेची दुपारची वेळ काही दिवसांनी बदलली. माझ्यामुळं बदलली असं मी म्हणत नाही. ही मात्र गल्लीभर तसंच सांगते.

वही अजून चालू आहे. चौथ्या रकान्यात नातवाचं नाव गेल्या आठवड्यात दोनदा आलं, दोन्ही वेळा क्रिकेट. कडी तो अजूनही बघतो, झोपायच्या आधी, एकदाच.

"लागली का रे?"

"लागली."

मग मी दिवा मालवतो, आणि ही हेडफोन शोधायला लागते.